आईचे गुडघे आणि कोल्हापूर

आईला एकदा अंबाबाईला न्यायचं, हे आमच्या घरात कितीतरी वर्षं नुसतं बोललं जात होतं. कधी गाडी मोकळी नसायची, कधी भावाला सुट्टी नसायची. आईचं वय आता पंचाहत्तर पूर्ण. दोन्ही गुडघे झिजलेले. सपाटीवर काठी घेऊन दहा मिनिटं चालते, पायऱ्या दिसल्या की आधी उभी राहून मोजते. शेवटी दोघींनीच जायचं ठरवलं, तेही रेल्वे, एसटी आणि रिक्षा यांच्या भरवशावर. २०२५ च्या डिसेंबरात जाऊन आलो. 'कोल्हापुरात काय पाहाल' अशा याद्या मला ढिगाने सापडल्या होत्या, पण कुठे किती चालावं लागतं आणि कुठे टेकायला मिळतं हे एकीतही नव्हतं. ते इथे लिहून ठेवते.

तयारी ऑक्टोबरातच सुरू केली, कारण कागदाचं काम होतं. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण आईच्या आधारवर नुसतं '१९५०' एवढंच, तारीखच नाही. त्या सालावरून पंचाहत्तरी झाली की व्हायचीय, हे कुणाला सांगता येणार? बसमध्ये उभ्या उभ्या हा हिशेब कंडक्टरला समजावत बसण्यापेक्षा आधीच आधार केंद्र गाठलं. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तिच्या पेन्शनच्या कागदावर पूर्ण जन्मतारीख होती, ती चालली. टोकन घेऊन दीड तास बसलो. फी ७५ रुपये (१ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नासची पंचाहत्तर झाली आहे). आठवड्याभरात दुरुस्ती होऊन आली. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचं आधार आजच काढून बघा, त्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर नुसतं साल असतं.

दुसरं काम रेल्वेचं. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कल्याणहून धरली की सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूर, म्हणून तीच. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ७ डिसेंबरच्या गाडीसाठी ८ ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसले, परतीसाठी ११ ऑक्टोबरला पुन्हा तोच कार्यक्रम. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, तिच्या आशेवर राहू नका. पण वय बरोबर टाकलं तर खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते. आईला मिळाला. थर्ड एसीचं तिकीट माणशी हजाराच्या आत पडलं.

तारखाही पंचांग बघून धरल्या होत्या. मार्गशीर्ष चालू होता आणि मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे महालक्ष्मीचं व्रत. त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नसणार हे उघड होतं. म्हणून सोमवारी पोचायचं आणि बुधवारी रात्री निघायचं. किरणोत्सवही टाळला. देवी पश्चिमाभिमुख असल्याने ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. बघावं असं खूप होतं, पण ते काठीवाल्या माणसाचं काम नाही.

मुक्कामासाठी देवळाच्या आसपासच्या लॉजना फोन लावले आणि प्रत्येकाला तेच विचारलं: लिफ्ट आहे का, कमोड आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का. पहिल्या दोन प्रश्नांना सगळे 'हो' म्हणतात. तिसऱ्याला आवाज जरा अडखळला की समजावं, बोळातून चालायचंय. शेवटी ताराबाई रोडच्या बाजूला रोजची १,८०० ची खोली मिळाली. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांच्या जवळ आहेत आणि त्या भागात हॉटेलं भरपूर, तीही स्वस्त. पण मग देवळात जायला दर खेपेला दोन-अडीच किलोमीटर रिक्षा. आमच्या दृष्टीने देवळाजवळ राहणंच सोयीचं होतं. दुपारी तासभर आडवं व्हायला खोली हाताशी असणं, याला आईच्या वयात पैशांत मोल नाही.

८ तारखेला सकाळी उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने ८० सांगितले, मी मान डोलावली. आई रिक्षात एक पाय टाकून दुसरा उचलायला वेळ घेत होती आणि मागून हॉर्न वाजत होते. रिक्षावाला मागे वळून त्यांना काहीतरी बोलला (ते इथे लिहीत नाही) आणि आईला म्हणाला, "आजी, निवांत बसा. गडबड न्हाई." पुढे सगळीकडे हेच ऐकायला मिळालं. कोल्हापूरची माणसं ओरडून बोलतात, पण थांबतात.

डोक्यात गावाचा नकाशा असा ठेवा. मधोमध देऊळ आणि जुनं गाव. पूर्वेला स्टेशन आणि बसस्थानक, पश्चिमेला रंकाळा तलाव, उत्तरेला दसरा चौकावरून पुढे टाऊन हॉल आणि मग नवा राजवाडा. एका दिवसात एकच दिशा धरायची. सकाळी राजवाडा, दुपारी रंकाळा, संध्याकाळी परत देऊळ असं केलंत तर दिवस रिक्षातच जातो. केएमटीच्या बस आहेत, पण त्या महापालिकेच्या. एसटीची सवलत तिथे दाखवू नका. आम्ही गावात रिक्षाच वापरल्या.

देवळात पहिल्याच दिवशी दुपारी तीनला गेलो. सकाळच्या गाड्यांनी आलेली गर्दी तोवर पांगते आणि संध्याकाळची अजून यायची असते. ज्यांच्याकडून ओटीचं ताट घेतलं त्या मावशींनी आईकडे बघून विचारलं, "मुखदर्शन का गाभाऱ्यातलं?" मुखदर्शनाची रांग वेगळी असते, भराभर सरकते, पण देवी लांबून दिसते. मी मुखदर्शन म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "इतक्या लांब आलेय ते लांबून बघायला?" मग मोठ्या रांगेत उभ्या राहिलो. पन्नास मिनिटं लागली. रांगेतल्या एका बाईंनी स्वतःची घडीची खुर्ची आईला दिली आणि रांग सरकली की मी ती पुढे ढकलत राहिले. ही कल्पना उचलण्यासारखी आहे, अशी खुर्ची आता मी कायम बरोबर ठेवणार.

आत शिरल्यावर काळ्या दगडाचे खांब, पायाखाली वापराने गुळगुळीत झालेली फरशी. अनवाणी चालायचं, त्यामुळे आईचा हात घट्ट धरावा लागतो. गाभाऱ्यासमोर मिळतात ते काही सेकंदच. महाकाली आणि महासरस्वती दोन बाजूंना आहेत, तिथे मात्र कुणी घाई करत नाही. बाहेर येऊन आई आवारात दगडी कट्ट्यावर टेकली आणि अर्धा तास हललीच नाही. मीही काही बोलले नाही. चपला बाहेर ठेवताना मोजे पिशवीत टाकून न्या. दुपारी उन्हात आवारातला दगड तापतो आणि संध्याकाळी बर्फासारखा गार पडतो.

तिथून भवानी मंडप अगदी जवळ. जुना राजवाडा तो हाच, तुळजाभवानीचं देऊळ आत आहे. आणि त्याच भागात चप्पल लाइन. मला घाई नव्हती आणि आईला बसायला हवं होतं, त्यामुळे एका दुकानात पाऊणएक तास गेला. दुकानदार साठीचे. त्यांनी आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, सूज बघितली आणि कापशी घाटाची चप्पल पुढ्यातून बाजूला सारली. "आजीस्नी ही नको, अंगठा रुततोय." मग रुंद पट्ट्याची, कमी वजनाची काढली. माझ्यासाठी घेतली ती घालून बघताना घट्ट वाटली, तर म्हणाले, घट्टच घ्यायची. चामडं पायाबरोबर सैल पडतं, आत्ता बरोबर बसली तर महिन्यात पायातून सुटेल. दोन्ही कडांचे कान कसे शिवलेत ते उलटून दाखवलं. शिलाई दोऱ्याची नव्हे, चामड्याच्या बारीक वादीची. पाण्यात भिजवायची नाही, पहिले काही दिवस रात्री तेलाचा हात फिरवायचा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. पण बाजारात रेग्झिनच्या 'कोल्हापुरी'ही भरपूर आहेत. उचलून वजन बघा आणि वास घ्या, चामड्याचा वास लपत नाही. आईच्या ६५० ना पडल्या, माझ्या ९०० ना.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेलो. हे मी आधी ऐकून होते आणि खरं सांगायचं तर आईला ते झेपेल का, अशी शंका होती. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, लखलखीत धुतलेल्या, शिंगांना तेल. गवळी समोर धार काढतो, गाळून तसंच पेल्यात ओततो. वर बोटभर फेस आणि पेला हाताला कोमट. शेजारी दोन पैलवान पोरं उभी होती, कान दुमडलेले, मोठमोठे पेले एका दमात रिकामे करत होती. आईने अर्धा पेला घेतला, ओठाला लागलेला फेस पदराने पुसला आणि म्हणाली, "माहेरची म्हैस आठवली." पोट बिघडलं नाही. तरी ज्यांना कच्च्या दुधाची सवय नाही त्यांनी प्रवासात हा धाडसी प्रयोग जपूनच करावा.

९ तारीख पन्हाळ्यासाठी. मध्यवर्ती स्थानकावरून सकाळची एसटी धरली. कंडक्टरने आईचं आधार बघितलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. आईला ते इतकं आवडलं की तिने ते पाकिटात जपून ठेवलंय. माझं अर्धं. साधारण तासभर लागला. शिवाजी पुलावरून पंचगंगा दिसते. डिसेंबरात शांत असते, पण पावसाळ्यात हीच नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, आणि मोठ्या पुरात केर्लीजवळ याच रस्त्यावर पाणी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सकाळी पाण्याची पातळी विचारून मगच निघा. केर्लीहून उजवीकडे जोतिबाचा फाटा जातो. डोंगर खिडकीतून दिसला तेव्हा आईने बसूनच हात जोडले, "चांगभलं" म्हणाली. जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात करा असं सगळेच सांगतात, ते दोन धड गुडघेवाल्यांसाठी. आम्ही जोतिबा सोडला.

गडावर वस्ती आहे, रस्ते आहेत, त्यामुळे पन्हाळा हा किल्ला असूनही वयस्कर माणसाला बघता येतो. स्टँडजवळच्या एका व्हॅनवाल्याशी ६०० रुपयांत ठरवलं, सगळीकडे फिरवून परत स्टँडवर सोडायचं. तीन दरवाजा आईने नीट बघितला, तिथे गाडी जवळ जाते. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं बाहेरून. सज्जाकोठीला मी एकटीच वर गेले, आई खाली बसली. राजदिंडीकडून १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, हे तिने मला सांगितलं. म्हणजे मला नाही, शेजारी उभ्या सहलीच्या पोरांना. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना, त्यात जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून उत्साह आणखी. लालपरीच्या रांगाच लागल्या होत्या. एक सर घसा बसल्यामुळे मुलांना नुसते 'चला चला' करत होते आणि आईने बाकावर बसल्या बसल्या शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची गोष्ट सुरू केली. वीस-पंचवीस पोरं भोवती बसली. व्हॅनवाला घड्याळ बघत होता, मग तोही ऐकत उभा राहिला. जास्तीचे पैसे मागितले नाहीत. झुणका-भाकर आणि दही गडावरच खाल्लं. सहलींमुळे स्वच्छतागृहांना मोठी रांग असते, तेव्हा जेवता तिथेच विचारून घ्या.

त्या संध्याकाळी खासबागेत. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते, त्या प्रवासात रोमचं कलोझियम पाहून त्यांनी हे कुस्तीचं मैदान बांधायचं मनावर घेतलं, १९१२ मध्ये ते पुरं झालं. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आईला नाट्यसंगीताचं वेड. ती तिथे बराच वेळ उभी राहिली, म्हणजे तिच्या मानाने बराच. मग खाऊगल्लीत भेळ. मिसळ आम्ही सकाळीच खाल्ली होती. इथे पाव नाही, ब्रेडचे स्लाइस देतात. 'कट वेगळा द्या' म्हटलं की तिखट आपल्या हातात राहतं. मार्गशीर्षामुळे आईला सामिष वर्ज्य, त्यामुळे पांढरा रस्सा मी एकटीने, तिच्यासमोर, थोड्या संकोचाने प्यायले.

१० तारखेला बुधवार. टाऊन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून ते शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं. खोली बाराला सोडायची आणि गाडी रात्री, ही मधली फट सगळ्यांनाच छळते. लॉजवाल्याला ५०० रुपये जास्त देऊन संध्याकाळी सहापर्यंत खोली ठेवली. सामान क्लोकरूममध्ये टाकून आईला दिवसभर बाकड्यावर बसवण्यापेक्षा हे परवडलं.

निघालो राजवाड्याला, पण दसरा चौकातच तासभर गेला. रिक्षा थांबवून आई शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ उतरली. या चौकाच्या आजूबाजूला बोर्डिंगं आहेत, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, जैन बोर्डिंग. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना गावात राहायला जागा हवी म्हणून महाराजांनी १९०१ पासून जातीजातींसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. आई एकेक पाटी वाचत होती. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. "आम्ही पटनोंदणीला दारोदार हिंडायचो, तेव्हा आमच्या हातात दंडाचं काही नव्हतं," ती म्हणाली. कोणत्याही यादीत हा चौक 'पाहण्यासारखं' म्हणून येत नाही. आईच्या मते कोल्हापुरात देवळाखालोखाल हाच.

पुढे सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या चौकात गर्दी होती. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालंय, सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथे काळ्या कोटांची आणि गाड्यांची दाटी होते. अकरानंतर जा. टाऊन हॉल जवळच, बाग आहे, बाक आहेत, झाडांची सावली आहे. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये खणताना सापडलेल्या वस्तू. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची पितळेसारखी दिसणारी छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठी ती कशी आली, तर त्या काळी इथल्या माणसांचा व्यापार थेट रोमन जगाशी होता. हे संग्रहालय लहान आहे, हेच त्याचं सुख.

नवा राजवाडा मात्र मोठा. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, काळा दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा. आत शस्त्रं, शिकारीचे पेंढा भरलेले वाघ, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. फोटो काढू देत नाहीत. दालनं एकामागून एक येतात आणि मध्ये टेकायला फारसं नाही, म्हणून घडीची खुर्ची पुन्हा आठवली. आई अर्ध्यातून बाहेर आली, हरणांकडे बघत बसली. मी उरलेलं दहा मिनिटांत उरकलं. रंकाळा राहिलाच, त्याबद्दल मला फार वाईट वाटलं नाही, संध्याकाळी चौपाटीवर उभं राहून भेळ खाण्यात तिला रस नव्हता.

खर्चाचं म्हणाल तर दोघींचा मिळून बारा हजारांच्या आसपास झाला, चपला आणि गूळ सोडून. रिक्षांवर नऊशेच्या वर गेले, ते मला स्वस्त वाटले.

परतताना स्टेशनवर तासभर आधी पोचलो. तिथे व्हीलचेअर हवी असेल तर स्टेशन मास्तरच्या कार्यालयात आधी विचारावं लागतं, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा आणि ती ढकलायला हमाल घेतला तर पैसे बोलून घ्या. आम्हाला लागली नाही. जेवण गाडीत मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही पिठलं-भाकरी बांधून घेतली होती. गाडी कल्याणला उजाडायच्या आत पोचते, डब्यात सगळे गाढ झोपलेले असतात आणि थांबा थोडाच. आईला उतरायला वेळ लागतो म्हणून कर्जत गेल्याबरोबर तिला उठवून दाराजवळच्या बर्थवर आणून बसवलं, सामान आधी उतरवायला शेजारच्या काकांना सांगून ठेवलं, आणि भाचा फलाटावर डब्यासमोर उभा होता.